काखेत कळस

देहूपासून तळवडे चार-पाच किलोमीटरवर आहे, आणि तळवड्याच्या माणसाचे देहूला जाणे होत नाही याचे हेच मुख्य कारण आहे. अंतर थोडे जास्त असते तर त्याने रजा काढली असती, गाडी ठरवली असती, डबे बांधले असते आणि वर्षातून एकदा न चुकता तो जाऊन आला असता. पण देव हाकेच्या अंतरावर असला की भक्त हाक मारायची घाई करत नाही. दहा वर्षे तळवड्यात काढलेल्या माणसाचे दोनदा तिरुपती झालेले असते, शिर्डीची तर मोजदाद सुटलेली असते, ऑफिसातल्या मंडळींबरोबर एकदा वैष्णोदेवीही उरकलेली असते. देहूचा विषय निघाला की मात्र तो म्हणतो, "जायचंय एकदा निवांत." तिरुपतीला तो रात्रभर रेल्वेत अवघडून धावतपळत गेलेला असतो. निवांतपणा त्याने देहूसाठी राखून ठेवलेला असतो आणि तो अजून खर्च झालेला नसतो.

या अवस्थेला मराठीत ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ असे म्हणतात. म्हणीतला कळसा पाण्याचा. तळवड्यात त्याच्या शेवटचा काना काढून टाकला तरी म्हणीचा अर्थ बिघडत नाही.

तळवडे इंद्रायणीच्या काठी आहे. १९९७ साली आसपासच्या इतर गावांबरोबर ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, शेडच्या शेजारी काचेच्या इमारती आल्या आणि गावाला आयटी पार्क मिळाले. इथल्या एका चौकाला कॅनबे चौक म्हणतात. कॅनबे नावाची कंपनी २००७ साली कॅपजेमिनीने विकत घेतली, तेव्हा तिचे नाव कागदावरून गेले. चौकावरून गेले नाही. अवतार संपला, स्थान उरले. क्षेत्रे अशीच तयार होत असतात.

गावाचे खरे महत्त्व मात्र रस्त्यांमुळे आहे. देहूहून आळंदीकडे जाणारा रस्ता तळवड्यातून जातो आणि निगडीहून चाकणकडे जाणारा रस्ताही तळवड्यातूनच जातो. पहिल्यावर परमार्थ चालतो, दुसऱ्यावर प्रपंच. एका बाजूने भगवी पताका लावलेली जीप येते, दुसऱ्या बाजूने गाड्यांचे सुटे भाग भरलेला कंटेनर येतो, मधे कंपनीच्या बस, आयटीवाल्यांच्या कॅब आणि तीन सिलिंडर लादलेली एक दुचाकी असते. सगळे चौकात एकमेकांना आडवे जातात आणि प्रपंच व परमार्थ या दोघांनाही तिथे काही काळ सक्तीने ध्यानाला बसावे लागते. ‘देहू-आळंदी’ हा जोडशब्द महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. त्या शब्दाच्या मधोमध जी लहानशी आडवी रेघ असते, तिथे तळवडे येते.

मराठी माणूस तीर्थाला नुसता जात नाही, तो तीर्थ ‘करतो’. स्वयंपाक करावा, अभ्यास करावा, तसे अष्टविनायक करतात, साडेतीन पीठे करतात, चारधाम करतात. एकदा केले की ते झाले. देहू-आळंदी हे या यादीतले सर्वांत छोटे काम समजले जाते. बाकीची तीर्थे होण्यासाठी आयुष्य लागते. हे एक सकाळी निघून संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत येता येईल असे असते. तळवड्याच्या माणसाला तर ते दुपारच्या जेवणालाही जमते. म्हणून तो ते करत नाही.

त्याला देहूला नेणारी शक्ती म्हणजे पाहुणे. लातूर, बीड, बुलडाणा, जळगाव अशा जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी इथे आलेल्या कुटुंबांकडे गावाकडची माणसे अधूनमधून उतरतात. कोणी दवाखान्यासाठी येते, कोणी मुलाच्या प्रवेशासाठी, कोणी स्थळ बघायला. निमित्त काहीही असो, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवताना आत्या विचारते, "देहू इथनं किती लांब रे?" यजमान सवयीने सांगतो, "हे काय, जवळच." आत्या म्हणते, "मग जाऊन येऊ की." ‘जवळच’ हा शब्द उच्चारताना त्याचा परिणाम यजमानाच्या ध्यानात आलेला नसतो. तीर्थक्षेत्राच्या शेजारी राहणारा म्हणून पाहुणे त्याला जाणकार समजतात आणि वाटाड्याचे काम त्याच्याकडे येते. प्रत्यक्षात चार-पाच किलोमीटरवरचे देऊळ शोधण्यासाठी तो फोनवर नकाशा उघडतो आणि मागच्या सीटवर ऐकू जाऊ नये म्हणून त्यातल्या बाईचा आवाज बंद करतो.

पाहुण्यांपैकी जो रेल्वेने येतो त्याची कथा वेगळी. तो पुणे-लोणावळा लोकलने देहूरोडला उतरतो आणि स्थानकाबाहेर येऊन इंद्रायणी कुठे आहे म्हणून विचारतो. देहूरोड आणि देहू ही दोन वेगळी गावे आहेत, हे महाराष्ट्रात अनेकांना देहूरोडला उतरल्यावरच कळते. देहूरोड ही लष्कराची छावणी. तुकोबांचे देहू तिथून आणखी काही किलोमीटर आत आहे. तरी चुकून उतरलेला यात्रेकरू अगदीच वाया जात नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्यामुळे ते स्वतःही एक तीर्थ आहे. माणूस विठोबाला निघून वाटेत बुद्धापाशी पोहोचला, तर महाराष्ट्रात तो फार वाट चुकला असे म्हणता येत नाही.

यात्रेचा वार ठरवणे हा पुढचा टप्पा. या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी असते आणि वारकऱ्याची वारी एकादशीला असते. त्यामुळे यात्रेकरूंचे तीन वर्ग पडतात. गुरुवारचा यात्रेकरू शांत असतो, कारण त्याची तिसरी पाळी नुकतीच संपलेली असते आणि तो उभ्याउभ्या झोपलेला असतो. रविवारचा यात्रेकरू लहान मुले, मोठी गाडी आणि सेल्फीची काठी घेऊन येतो. एकादशीचा यात्रेकरू पहाटे येतो, पायी येतो आणि बाकीचे दोघे जागे होईपर्यंत दर्शन घेऊन निघूनही गेलेला असतो. ज्या घरात नवरा कारखान्यात आणि बायको आयटीत असते, तिथे दोघांची सुट्टी एकत्र येण्यासाठी थेट पंधरा ऑगस्टची वाट पाहावी लागते. त्या दिवशी रांगेत राष्ट्राच्याही कल्याणाची प्रार्थना होते.

सकाळी सहाला निघायचे ठरते. सहाला घरातले पाणी येते, म्हणून सातला. सातला आत्याची पूजा व्हायची असते, म्हणून आठला. पाच माणसांच्या गाडीत सात माणसे आणि एक पाण्याचा कॅन बसवून गाडी साडेनऊला निघते आणि पावणेदहाला परत दाराशी येते, कारण काकांच्या बीपीच्या गोळ्या राहिलेल्या असतात. यावरून कुणी नाक मुरडू नये. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून पंढरपूरसाठी प्रस्थान ठेवते तेव्हा तिचा पहिला मुक्काम देहूतच, इनामदारवाड्यात असतो. दुसऱ्या दिवशी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानोबांच्या पालखीचा पहिला मुक्कामही आळंदीतच, आजोळघरी असतो. निघालो असे जाहीर करून गावातच थांबण्याची ही रीत मराठी कुटुंबांनी मनापासून उचललेली आहे. फरक एवढाच की पालखी गोळ्या विसरत नाही.

गाडी विठ्ठलवाडीच्या पुढे गेली की भाषेत बदल होतो. तळवड्याच्या चौकात आडव्या आलेल्या दुचाकीस्वाराला ज्या शब्दांनी संबोधले जाते, ते शब्द कोशात मिळतात, पण ते कुठलाही कोश मोठ्याने वाचून दाखवत नाही. देहूच्या हद्दीत तोच चालक तशाच दुचाकीस्वाराला म्हणतो, "माउली, जरा बाजूला घ्या की." पोलीस माउली, पार्किंगवाला माउली, पेरू विकणारी बाई माउली, आणि गाडीच्या काचेवर थाप मारून मागे वळवणाराही माउली. ‘माउली’ म्हणणाऱ्यावर चिडायचे कसे, हे मराठी माणसाला शिकवलेले नसते. हा शब्द वापरात असेपर्यंत रक्तदाब आटोक्यात राहतो; काकांच्या गोळ्यांची इथे खरे तर गरज नसते.

गाडी लावण्याचा प्रश्न प्रसादाच्या दुकानदारांनी सोडवलेला आहे. "इथंच लावा, चपलाही ठेवा, फक्त प्रसाद आपल्याकडून घ्या," असा त्यांचा साधा करार असतो. करारात पेढे, चुरमुरे, साखरफुटाणे, बुक्का, तुळशीची माळ आणि परत येईपर्यंतची नैतिक जबाबदारी येते.

तरीही चपलांचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. देवळात जाणाऱ्या मराठी माणसाच्या चपलांविषयी चार पद्धती प्रचलित आहेत. पहिली, दुकानात ठेवण्याची. दुसरी, एका पायातली इथे आणि दुसऱ्या पायातली तिथे काढण्याची. चोराला जोडी जुळवण्याचे कष्ट पडावेत हा तिच्यामागचा विचार, पण बहुधा ते कष्ट मालकालाच पडतात. तिसरी, घरूनच जुनी, अंगठा तुटलेली जोडी घालून येण्याची. प्रत्येक घरात अशी एक ‘देवळाची चप्पल’ असते आणि ती कधीही चोरीला जात नाही, त्यामुळे नवी घेण्याचा योग येत नाही. चौथी आणि सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे जावयाला बाहेर उभे करण्याची. "तुम्ही काय, नंतर जाल," असे म्हणून सासरची सगळी मंडळी आत जातात आणि जावई सात जोड्यांच्या मधोमध उभा राहतो. विटेवर अनवाणी उभ्या असलेल्या देवाला या चिंतेची कल्पना येणे अवघड आहे.

रांगेला इथे दर्शनबारी म्हणतात. बारीत उभ्या असलेल्या माणसाने नामस्मरण करावे अशी अपेक्षा असते आणि पहिली पाच मिनिटे तो ते करतोही. त्यानंतर पुढच्या माणसाच्या मानेशी ओळख होते, मग गावाची चौकशी होते, मग गुडघ्यांची. पाहुण्यांपैकी एक जण इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "तुमच्याकडं तळवड्यात गुंठा काय भावानं चाललाय?" या प्रश्नाने बारीचे पुढचे-मागचे दहा जण एकदम जागृत होतात. ज्या महापुरुषाने सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा सांगतात, त्याच्या दारात गुंठ्याच्या भावावर इतक्या एकाग्रतेने चर्चा होते, की गाभारा कधी आला हे कळत नाही.

दर्शनाचे प्रकार आहेत. देवाच्या पायांवर डोके ठेवता आले तर ते उत्तम. ते जमले नाही तर लांबून मुखदर्शन. तेही जमले नाही तर कळसाचे दर्शन. कळस पाहिला तरी देव पाहिल्याचे समाधान मानावे, अशी वारकऱ्यांची उदार सोय आहे. तळवडे-निगडी भागाने तिच्यात चौथ्या प्रकाराची भर घातली आहे. ते म्हणजे कमानदर्शन. देहूकडे वळणाऱ्या रस्त्यावरची कमान दिसताच कामावर निघालेला दुचाकीस्वार वेग कमी न करता डावा हात सोडतो, छातीला लावतो, ओठांना लावतो आणि पुन्हा हँडल धरतो. वर्षातून तीनशे दिवस तो हे करतो. हिशेब केला तर तळवड्यातला सर्वांत नियमित यात्रेकरू तोच ठरेल.

गाभाऱ्यातला मुक्काम तीन सेकंदांचा असतो. त्या तीन सेकंदांसाठी आत्याने लातूरपासून यादी आणलेली असते: धाकट्याची नोकरी, थोरलीचे बाळंतपण, विहिरीचे पाणी, भाऊबंदकीचा खटला. विठ्ठल-रखुमाई समोर येताच यादी कोरी होते, हात आपोआप जोडले जातात आणि "चला, चला माउली" ऐकू येईपर्यंत आत्या बाहेरच्या सभामंडपात असते. बाहेर आल्यावर सगळे आठवते. मग भिंतीकडे तोंड करून, देव साधारण कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज घेऊन, ती उरलेली यादी वाचून दाखवते. देवळाच्या भिंतींना कान असतात असा समज इथे उपयोगी पडतो.

याच देवळाच्या आवारात शिळामंदिर आहे. गाथा इंद्रायणीत बुडवली गेल्यावर तुकोबा ज्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, ती शिळा तिथे आहे. १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नव्या शिळामंदिराचे लोकार्पण झाले. यात्रेकरू शिळेवर माथा टेकवतात, तेरा दिवसांचा उपास ऐकून हळहळतात आणि बाहेर येताच सकाळपासून पोटात काही नाही याची एकमेकांना आठवण करून देतात.

देहूच्या देवळाची मूळ कथाच अंतराविषयीची आहे. परंपरा सांगते की तुकोबांच्या घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा पंढरपूरच्या वाऱ्या करत असत. भक्ताची ही पायपीट देवाला पाहवली नाही. त्याने दृष्टांत दिला की तुझ्या गावातच मी येऊन राहिलो आहे. सांगितल्या जागी खणल्यावर विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती मिळाल्या. म्हणजे भक्ताची वारी वाचावी म्हणून देव स्वतः घरपोच आला. यावर घराण्याने काय केले, तर तुकोबा घराशेजारच्या देवळात न बसता भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले आणि पत्नी आवलीबाईंना भाकरी घेऊन डोंगर चढावा लागला. पुढे त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला आणि सगळ्या गावाला घेऊन ते पंढरपूरला चालत निघाले. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. देवाने वाचवलेला प्रवास भक्तांनी व्याजासह परत घेतला. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याची रीत म्हणजे तळवड्याचा शोध नव्हे, ती देहूचीच आहे. फक्त देहूकर तो वळसा पायी घालतात, तळवडेकर विमानाने.

देवळानंतर गाथामंदिर. इंद्रायणीच्या काठावरच्या या भव्य वास्तूत संगमरवरी भिंतींवर तुकोबांचे चार हजारांहून अधिक अभंग कोरलेले आहेत. आत शिरताना प्रत्येकाचा सगळे अभंग वाचून काढायचा निश्चय असतो. पहिली शिळा सगळे जण मोठ्याने वाचतात. दुसरी मनात वाचतात. तिसऱ्या शिळेपासून शाळेच्या पुस्तकातला ओळखीचा अभंग कुठे सापडतो का, याचा शोध सुरू होतो आणि तो सापडला की त्याच्यासमोर उभे राहून फोटो निघतात. एका अभंगाला एक मिनिट धरले तरी सगळे वाचायला झोपेशिवाय अडीच दिवसांहून जास्त लागतील. कुटुंब त्यासाठी पंधरा मिनिटे देते, कारण अजून आळंदी बाकी असते.

वैकुंठगमनाच्या जागी नांदुरकीचे झाड आहे. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांचे वैकुंठगमन झाले असे मानतात. ती तिथी तुकाराम बीज. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास हे झाड हलते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. बिजेला लाखो डोळे आणि जवळजवळ तितकेच मोबाइल त्या पानांवर रोखलेले असतात. फुले उधळली जातात, गजर टिपेला जातो. झाड हलले की नाही यावर परतीच्या बसमध्येही एकमत होत नाही. कीर्तन ऐकत उभे असलेले लोक मात्र आतून हललेले असतात, आणि त्याबाबतीत वाद ऐकू येत नाही.

इथून पुढे भूक यात्रेचा ताबा घेते. एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचे वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, केळी आणि वर ताक इतकाच उपास असतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने रचली त्याने या भागातील उपाहारगृहे पाहिली असावीत. एकादशी नसेल तर मिसळ. जावयाचे दर्शन अजून व्हायचे असते, हे मिसळ संपता संपता कुणाच्या तरी लक्षात येते. तो म्हणतो, "राहू द्या, मी कळसाचं घेतलं." सासूबाई त्याचे मोठे मन मान्य करतात आणि त्याला एक पाव जास्त देतात.

आता आळंदी. देहूहून आळंदी वीसेक किलोमीटर, आणि रस्ता तळवड्यातूनच जातो. बाहेरगावच्या यात्रेकरूला याचे काही वाटत नाही. तळवड्याच्या कुटुंबाला मात्र यात्रेच्या ऐन मध्यावर स्वतःचे घर लागते. हे संकट दुसऱ्या कुठल्याही तीर्थयात्रेत नाही. काशीला निघालेल्या माणसाच्या वाटेत त्याची स्वतःची गॅलरी येत नाही. गाडी कोपऱ्यावर आली की आधी कुणाला तरी बाथरूमला जायचे असते, मग वाळत घातलेले कपडे आठवतात, मग "आलोच आहोत तर चहा टाकते" असे शब्द ऐकू येतात. पंखा लागतो. काका पाच मिनिटे आडवे होतात. तळवड्याच्या सोसायट्यांमध्ये ‘देहू झाले, आळंदी राहिली’ अशा अवस्थेत वर्षानुवर्षे असलेली कुटुंबे आहेत, त्याचे कारण हा चहा.

जे उठतात ते चिखलीकडे निघतात. चिखलीला टाळगाव चिखली म्हणतात. वैकुंठाला जाताना तुकोबांचे टाळ इथे पडले, अशी आख्यायिका आहे. पुढे मोशीला पुणे-नाशिक महामार्ग आडवा येतो आणि गाडी थांबते. बराच वेळ थांबते. आळंदीची सर्वांत प्रसिद्ध कथा भिंतीची आहे: वाघावर बसून भेटीला आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वरांनी आपल्या भावंडांसह बसलेली भिंत चालवली. ती भिंत आळंदीत आजही दाखवतात. जिथे भिंत चालली त्या गावाच्या वाटेवर चांगल्या चालत्या गाड्या तासतासभर जागच्या हलत नाहीत. तरी इथे चमत्काराची अपेक्षा न करता हॉर्न वाजवला जातो.

आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करून १२९६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी समाधी घेतली. हे ऐकून गाडीतल्या सर्वांच्या नजरा मागच्या सीटवरच्या भाच्याकडे जातात. तोही एकविसाचा असतो, इंजिनिअरिंगला असतो आणि त्याचे चार विषय राहिलेले असतात. आत्या म्हणते, "लहान आहे अजून." अजानवृक्षाखाली पोथी उघडून पारायणाला बसलेली मंडळी दिसतात. त्यांना घाई नसते, फोटो काढायचा नसतो आणि त्यांच्या चपला कुठे आहेत याची त्यांना बहुधा कल्पना नसते. पाहुणे त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहतात. दिवसभरातला निवांत म्हणता येईल असा वेळ तेवढाच.

देवळाबाहेर वाजंत्री सुरू असते. आळंदी ही समाधीची जागा असली तरी इथे संसारही मोठ्या संख्येने सुरू होतात. मंगल कार्यालये गल्लोगल्ली आहेत आणि झटपट लग्नासाठी गावाचे नाव झालेले आहे. ज्या भावंडांना संन्याशाची मुले म्हणून लोकांनी वाळीत टाकले, त्यांच्या गावात आता घरच्यांनी नाकारलेल्या कित्येक जोडप्यांच्या डोक्यावर अक्षता पडतात. गर्दीत दोन वराती आणि एक दिंडी समोरासमोर आली की कोणत्या माउलीने कोणत्या माउलीला वाट द्यायची, हे बँडवाले ठरवतात.

संध्याकाळी गाडी परत फिरते. तळवड्याचा चौक आला की ‘माउली’ हा शब्द मावळतो आणि जुनी शब्दसंपदा परत येते. घरी पोहोचल्यावर प्रसादाच्या पुड्या होतात. शेजारी चुरमुरे तोंडात टाकत म्हणतात, "अरे वा, देहू-आळंदी झाली वाटतं! आम्हालाही जायचंय एकदा निवांत." रात्री सर्वांच्या स्टेटसवर तोच कळस निरनिराळ्या कोनांतून दिसतो. पाहुणे गावी जातात आणि तळवडेकराची पुढची वारी पुढच्या पाहुण्यांपर्यंत थांबते.

आता एक गोष्ट उरते, ती आळंदीच्या घाटावरची. आत्या तीर्थ घ्यायला खाली उतरते, ओंजळ पुढे करते आणि थबकते, कारण पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस असतो. मग ती दोन बोटे बुडवून डोळ्यांना लावते आणि बाटली रिकामीच परत आणते. तेरा दिवसांनी याच नदीतून गाथा वर आली असे सांगतात. आता वर येतो तो फेस. त्याचे कारण चमत्काराच्या सदरात मोडत नाही. काठावरच्या वस्त्यांचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी नदीला येऊन मिळते.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. देहूवरून ती तळवडे, चिखली, मोशी करत आळंदीला येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. भीमा उजनीला मुक्काम करून पंढरपूरला जाते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. तळवड्याचा माणूस वारीला जावो न जावो, त्याच्या मोरीतून वाहून गेलेले पाणी वारी चुकवत नाही. त्याला रजा लागत नाही, पाहुण्यांचे निमित्त लागत नाही, चपला सांभाळायला जावई लागत नाही. आणि वाळवंटात उभा राहून कुणी वारकरी ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो, तेव्हा त्यात तळवड्याचाही वाटा असतो.